लग्नाच्या किती दिवस आधी करावं नंबर घालवायचं ऑपरेशन?

अमळनेरहून एका भावाने विचारलंय. धाकटी बहीण २३ वर्षांची, दोन्ही डोळ्यांना उणे साडेचारचा नंबर, थोडा सिलिंडरही. कॉलेजपासून कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, जळगावला ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर काम. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, दहाव्या दिवशी लग्न आहे आणि तिला मांडवात चष्म्याशिवाय उभं राहायचंय. लेझरच्या ऑपरेशनला किती वेळ लागतो, डोळा बरा व्हायला किती दिवस लागतात, आणि सुट्टी लग्नाच्या आधीच मिळणार म्हणून आठवडाभर आधी उरकलं तर चालेल का?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आठवडाभर आधी चालणार नाही. संक्रांत नुकतीच झाली आहे, हातात तीन महिन्यांहून जास्त वेळ आहे, तर तो वेळ वापरा.

वेळेचा हिशेब थोडक्यात असा. लेझर प्रत्यक्ष डोळ्यावर चालतं ते काही सेकंद. टेबलावर दोन्ही डोळ्यांचं मिळून २० ते ३० मिनिटांत होतं. त्या दिवशी दवाखान्यात अडीच-तीन तास जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेकांना चष्म्याशिवाय भिंतीवरचं घड्याळ दिसतं. एवढं सगळेच सांगतात आणि ते खोटं नाही. पण नजर पूर्ण स्थिरावायला तीन महिने धरा, डोळ्यांचा कोरडेपणा जायला कधीकधी सहा. आणि ऑपरेशनच्या आधी जे दोन-तीन आठवडे द्यावे लागतात, ते तर घरी कुणी मोजतच नाही. डोळ्यांची सर्जन म्हणून माझ्या २२ वर्षांच्या कामात जी काही गडबड झालेली पाहिली, ती बहुतेक या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत झालेली आहे. त्या मधल्या वीस मिनिटांत फार क्वचित.

एक गोष्ट आधी साफ करते, कारण घरातली मोठी माणसं यावरून तुम्हाला भलतंच सांगतील. आपल्याकडे डोळ्याचं कुठलंही ऑपरेशन झालं की ‘लेझरनं केलं’ म्हणतात. आजोबांचा मोतीबिंदू काढला तोही लेझरनं, मावशीच्या डोळ्यात शुगरमुळे रक्त उतरलं तेही लेझरनं. मोतीबिंदूचं नेहमीचं बिनटाक्याचं ऑपरेशन ध्वनिलहरींनी करतात, त्यात आतलं गढूळ भिंग फोडून ओढून काढतात आणि नवं बसवतात. शुगरवाल्यांचं लेझर डोळ्याच्या मागच्या पडद्यावर देतात. तुमच्या बहिणीचं ऑपरेशन या दोन्हींपेक्षा वेगळं. ते डोळ्याच्या अगदी पुढच्या पारदर्शक काचेवर, म्हणजे कॉर्नियावर होतं आणि डोळ्याच्या आत शिरत नाही. त्यामुळे ‘आप्पांना दीड महिना डोक्यावरून पाणी घेऊ दिलं नव्हतं’ हे तिला लागू नाही, आणि ‘शेजारच्या काकू संध्याकाळी स्वयंपाक करत होत्या’ हेही नाही.

आता आधीचे आठवडे. कॉन्टॅक्ट लेन्स कॉर्नियावर दिवसभर बसलेली असते. बोटातली अंगठी वर्षांनी काढली की वळ राहतो, तसा लेन्सचाही आकार कॉर्नियावर उमटतो. तो वळ असताना मोजमाप घेतलं तर यंत्र वळच मोजतं. म्हणून साध्या मऊ लेन्स निदान एक ते दोन आठवडे बंद ठेवायच्या, सिलिंडरच्या असतील तर दोन आठवडे पूर्ण, आणि कडक लेन्स असतील तर तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. हे दिवस चष्म्यावर काढायचे. एक दिवस हळदी-कुंकवाला घातली, एक दिवस फोटोला घातली, असं झालं की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हे मी इतकं ठासून सांगते कारण एकदा मी स्वतः ढिलाई केली आहे. माझी सुरुवातीची वर्षं, ऐन लग्नसराई. मुलीनं लेन्स चारच दिवसांपूर्वी काढली होती. वडील समोर हात जोडून उभे, तारीख जवळ, पत्रिका वाटून झालेल्या. मोजमाप उणे साडेपाच आलं आणि मी त्यावर ऑपरेशन केलं. तिचा खरा नंबर उणे पाच होता, हे मला नंतर कळलं. लेझरनं चोख काम केलं, पण मी दिलेल्या चुकीच्या आकड्यावर. मुलीला उलट्या बाजूचा अर्ध्याचा नंबर आला. लांबचं छान दिसायचं, पण वाचायला बसली की डोळे दुखायचे. तिनं मला कधी बोल लावला नाही. ती चूक माझी होती आणि त्या दिवसापासून तारीख कुणाचीही, कितीही जवळ असो, लेन्सचे दिवस भरल्याशिवाय मी मोजायला बसत नाही.

तपासणीला पूर्ण अर्धा दिवस ठेवा. दोन-तीन तास मोजमापांत जातात, आणि पडदा तपासायला बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, त्यानं पुढचे चार-सहा तास जवळचं पुसट दिसतं आणि ऊन सहन होत नाही. बहिणीनं स्कूटी घेऊन येऊ नये, तुम्ही सोबत या. या तपासणीत आम्ही मुख्यतः कॉर्नियाची जाडी आणि आकार पाहतो. साधारण जाडी ५४० मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त. एक नंबर घालवायला साधारण १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. साडेचारला सत्तरच्या आत धरा. लेझर देण्याआधी वरून उचलतात तो पापुद्रा ११० चा. म्हणजे ५४० मधून हे वजा केलं तर खाली ३६० उरतात, आणि निदान २५० उरलेच पाहिजेत, आम्ही तर ३०० च्या खाली जायला नाखूश असतो. हाच हिशेब एखाद्या ५०० जाडीच्या, उणे नऊच्या मुलाला मांडून दाखवला की तो स्वतःच म्हणतो, मॅडम, माझं होत नाही वाटतं. त्याला डोळ्यात भिंग बसवायचा वेगळा मार्ग असतो.

जाडीपेक्षाही मला आकाराची काळजी जास्त. आपल्याकडे ऊन, फुफाटा आणि शेताची धूळ यांनी लहानपणापासून डोळे खाजवणारी मुलं फार. मार्च लागला की डोळे लाल, दोन्ही मुठींनी चोळत बसलेलं पोर प्रत्येक गावात दिसतं. वर्षानुवर्षं चोळून काहींचा कॉर्निया मधोमध पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो. अशा डोळ्यावर लेझर केलं तर तो आणखी सुटतो, आणि मग चष्म्यानेही दुरुस्त होत नाही. कॉर्नियाच्या नकाशात याची बारीकशी खूण दिसली तरी आम्ही नाही म्हणतो. माणसं नाराज होतात, दुसरीकडे जातात. बहिणीला विचारा, लहानपणी उन्हाळ्यात डोळे खाजायचे का, अजून चोळते का, चष्म्याचा नंबर गेल्या वर्षभरात बदलला का. वर्षभरात अर्ध्याहून जास्त हलला असेल तर यंदा नकोच. आणि पडद्याच्या कडेला एखादं भोक सापडलं, उणे नंबरवाल्यांत ते सापडतं, तर आधी त्याभोवती लेझरचे ठिपके देऊन काही आठवडे थांबावं लागतं. म्हणून तपासणी लवकर करा म्हणते.

आता तो दिवस. जेवून यावं, उपाशी राहायची गरज नाही. केस धुतलेले, डोळ्यांना काजळ नाही, अंगाला सेंट नाही. सुई टोचत नाहीत, झोपवत नाहीत, बधिर करायचे थेंब दोन-तीनदा टाकतात. पापण्या मिटू नयेत म्हणून तारेचा एक छोटा चिमटा बसवतात. लेसिक, म्हणजे पापुद्रा उचलून खाली लेझर द्यायची पद्धत, करायचं असेल तर डोळ्यावर एक कडी टेकवून हलकी ओढ देतात. तेवढे २०-३० सेकंद डोळ्यावर दाब येतो आणि समोर अंधार होतो किंवा अगदी पुसट दिसतं. हा अंधार अपेक्षित आहे हे माणसाला आधी माहीत असलं की तो घाबरत नाही, म्हणून मी तो येण्याच्या क्षणाआधी मोठ्याने सांगते. पहिलं लेझर कॉर्नियाच्या आत बारीक बुडबुड्यांची एक पातळी तयार करतं. मग मी बोथट पट्टीनं तो पापुद्रा उचलते, आपल्याकडे मांड्याचा पदर हलक्या हातानं सुटा करतात ना, तितक्याच अलगद, आणि एका कडेला जोडलेला ठेवून बाजूला दुमडते. त्यानंतर दुसरं लेझर. टिक टिक टिक असा आवाज येतो आणि केस जळल्यासारखा वास. इथे प्रत्येक जण विचारतो, डोळा जळतोय का? जळत काहीच नाही. या लेझरची तरंगलांबी १९३ नॅनोमीटर, ते उष्णतेनं न जाळता रेणूंमधले बंधच तोडतं आणि प्रत्येक ठोक्याला जेमतेम पाव मायक्रॉन थर उडतो. तो उडालेला थर नाकाला जाणवतो, इतकंच. तुमच्या बहिणीच्या नंबराला यंत्राप्रमाणे १० ते ३० सेकंद लागतील. या वेळात तिनं समोरच्या दिव्याकडे बघत राहायचं. डोळा जरासा हलला तर यंत्र त्याच्यामागे जातं, फार हलला तर आपोआप थांबतं.

या लेझरची एक हकिकत मला नेहमी सांगाविशी वाटते. १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या मद्रासमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञानं सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर हे लेझर मारून पाहिलं. कापलेली रेघ स्वच्छ निघाली, आजूबाजूचा भाग जराही भाजला नव्हता. दोन वर्षांनी तेच काम डोळ्याच्या कॉर्नियावर करून पाहिलं गेलं, आणि आज मी जे यंत्र चालवते ते तिथून आलं.

लेझर झाल्यावर पापुद्रा परत जागेवर बसवतात, खालून पाण्यानं धुतात, मऊ कुंचल्यानं पुसतात आणि एक-दोन मिनिटं तसाच वाळू देतात. टाका नाही, पट्टी नाही. मग दुसरा डोळा. उठून बसल्यावर पाण्याखाली डोळे उघडल्यासारखं धूसर दिसतं, पण चष्म्याविना दारावरची पाटी दिसते आणि तिथेच बरेच जण रडतात.

पहिले चार-सहा तास कांदा चिरल्यासारखी आग, पाणी, उजेडाचा त्रास. घरी जाऊन झोपणं हे सगळ्यात चांगलं औषध. झोपताना प्लॅस्टिकच्या झाकण्या लावायच्या, पहिला आठवडा रोज रात्री, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातो. माझ्या एका पेशंटची आजी नातीच्या उशाशी रात्रभर बसून होती, तिचं पालुपद एकच : पोरी, डोयाले हात नको लावू. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्याचा अर्धा उपचार त्या वाक्यात आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी चुकवायची नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडून कुणी आलं तर मी त्यांना रात्रभर गावातच मुक्काम करायला लावते. नंदुरबारची माणसं सुरतेला जातात, रावेरकडची इंदूरला, धुळ्याची नाशिकला, चाळीसगावची घाट चढून संभाजीनगरला. कुठेही करा, पण दुसऱ्या दिवशीची, आठवड्याची आणि महिन्याची तपासणी ज्याच्या हातानं ऑपरेशन झालं त्याच्याकडेच व्हावी असं बघा. आणि परत येताना एसटीच्या खिडकीशी बसून वारा डोळ्यांवर घेऊ नका.

इथपर्यंत मी लेसिक धरून बोलले. स्माइल नावाची दुसरी पद्धत आहे, तिच्यात पापुद्रा उचलतच नाहीत. लेझर कॉर्नियाच्या आतच भिंगासारखी एक चकती कापतं, त्याला ३० सेकंदांच्या आत-बाहेर वेळ लागतो, आणि ती चकती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ओढून काढतात. पहिले दोन-तीन दिवस लेसिकपेक्षा जरा जास्त धूसर, पुढे सारखंच. तिसरी पीआरके, सगळ्यांत जुनी. तिच्यात कॉर्नियावरची सालच काढतात आणि वरून लेझर देतात. साल परत यायला तीन ते पाच दिवस लागतात, तोवर डोळ्यात मलमपट्टीसारखी लेन्स घालून ठेवतात. हे दिवस खरोखर दुखतं, मी कुणाला ‘काही नाही होत’ असं सांगत नाही. कामापुरतं दिसायला दोन आठवडे, लख्ख व्हायला एक ते तीन महिने. पण पापुद्रा नसल्यानं पुढे डोळ्यावर मार बसला तरी तो सरकायची भीती नाही. कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना मी बहुतेक हीच सुचवते, कॉर्निया पातळ असेल तरीही. यंत्राचं नाव ऐकून पद्धत ठरवू नका, मोजमाप पाहून ठरवू द्या.

भरतीवरून आठवलं, आणि हे कुणी वेळेत सांगत नाही म्हणून इथे लिहिते. रेल्वेच्या सहायक लोको पायलट पदाला लेसिक किंवा नंबर घालवायचं कुठलंही ऑपरेशन केलेला उमेदवार अपात्र ठरतो. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं एक पोर, वडील आणि आजोबा दोघेही इंजिनावर, माझ्याकडे ‘मेडिकलला नंबर नको म्हणून काढून टाका’ म्हणत आलं होतं. त्याला परत पाठवताना मला वाईट वाटलं, पण केलं असतं तर त्याहून वाईट वाटलं असतं. सैन्य आणि इतर भरतींत कुठे वय आणि नंबर यांची अट असते, कुठे ऑपरेशनला वर्ष झालेलं असावं लागतं. जाहिरातीतलं वैद्यकीय पान आधी वाचा, मग माझ्याकडे या.

बहिणीला लेसिक झालं असं धरून पुढचे दिवस सांगते. ऑफिसचं काम दोन-तीन दिवसांनी सुरू करता येतं, पण कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघताना आपण पापणी मिटायचं विसरतो आणि कोरडा डोळा लगेच थकतो, म्हणून दर वीसेक मिनिटांनी नजर लांब न्यायची आणि अश्रूंचे थेंब टाकायचे. गळ्याखालून अंघोळ पहिल्या दिवसापासून चालते. आठवडाभर डोळ्यात पाणी आणि साबण जाऊ द्यायचा नाही, केस कुणाकडून तरी मागे मान टाकून धुवून घ्यायचे. काजळ, आयलायनर दोन आठवडे नाही, आणि नंतर घ्यायचं ते नवं, जुनी डबी टाकून द्यायची. पोहणं महिनाभर बंद. स्कूटी तपासणीत नजर भरली की चालवा, पण पुढचा महिनाभर बंद बाजूंचा गॉगल लावून, आणि रात्री काही आठवडे नको, कारण समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती कडं दिसतं. ते कडं तीन ते सहा महिन्यांत बहुतेकांचं विरतं.

चुलीचा धूर, लाकडी वखारीचा भुसा, नंदुरबारकडे मिरचीच्या पथारी, हे सगळं दोन ते तीन आठवडे लांब. भरीत पार्टीचं निमंत्रण आलं तर वांगी भाजून झाल्यावर जा. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर डोळ्याला फार झोंबतो.

एका शेतकरी मुलाचं सांगते, म्हणजे मी धुळीचा एवढा धोशा का लावते ते कळेल. चोपड्याकडचा, लेसिक उत्तम झालेलं, दुसऱ्या दिवशी शेवटची ओळ वाचून गेला. सहाव्या दिवशी घरची दादर ज्वारी मळायला मजूर कमी पडले म्हणून मशीनवर उभा राहिला. डोळ्यात कुसळ गेलं, त्यानं उपरण्यानं डोळा चोळला आणि संध्याकाळपर्यंत दिसणं वाकडं झालं. यंत्राखाली पाहिलं तर पापुद्रा जरासा सरकून त्याला चुण्या पडलेल्या, अंथरूण एका बाजूनं ओढलं की चादरीला पडतात तशा, अगदी बारीक, तिरक्या. कुसळही कडेला अडकलेलं होतं. रात्रीच पापुद्रा उचलून, धुवून, ताणून परत बसवला. वेळेत आला म्हणून नजर जवळजवळ पूर्ण परत मिळाली. पापुद्र्याच्या कडेवर साल एका दिवसात चढते, त्यामुळे वरून सगळं बरं झाल्यासारखं वाटतं. आत मात्र तो वर्षांनंतरही पूर्वीइतका घट्ट चिकटत नाही. शेतीकाम करणाऱ्याला मी निदान तीन-चार आठवडे मळणी, फवारणी आणि वैरण यांपासून लांब राहायला सांगते, आणि हंगाम बघून तारीख देते.

थेंबांबद्दल दोन शब्द. जंतुनाशक थेंब साधारण आठवडाभर, स्टेरॉइडचे एक ते दोन आठवडे कमी कमी करत, पीआरके असेल तर ते दोन-तीन महिन्यांपर्यंत लांबतात. अश्रूंचे थेंब तीन महिने तरी. कॉर्नियातल्या बारीक नसा ऑपरेशनमध्ये कापल्या जातात, त्या परत वाढेपर्यंत डोळ्याला आपण कोरडे आहोत हे नीट कळत नाही, म्हणून त्रास होवो न होवो, थेंब टाकायचे. अश्रूंचे थेंब वर्षभर टाकले तरी चालतात. स्टेरॉइडचे मात्र माझ्या चिठ्ठीपलीकडे एक दिवसही नाही. ‘डोळे लाल झाले की हेच टाकतो, आराम पडतो’ म्हणून मेडिकलमधून तीच बाटली महिनोन्‌महिने आणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यानं डोळ्याचा दाब वाढतो, काचबिंदू होतो आणि गेलेली नजर परत येत नाही.

कधी घाबरायचं? दुसऱ्या दिवसापासून डोळा रोज थोडा सुधारत गेला पाहिजे. सुधारत असलेला डोळा मध्येच दुखायला लागला, लाल झाला, उजेड सहन होईना किंवा दिसणं परत धूसर झालं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन करा. संसर्ग आणि पापुद्र्याखालची सूज क्वचितच होते, पण झाली तर तासांचा हिशेब असतो.

आता तुमच्या लग्नाकडे येते. आठवडाभर आधी का नको, तर त्या आठवड्यात काय काय होणार ते डोळ्यांपुढे आणा. हळद लागणार, ती कुणीतरी प्रेमानं कपाळापासून हनुवटीपर्यंत फासणार. मेकअपवाली पापणीवर तासभर काम करणार. मंगलाष्टकांना दोन-तीनशे माणसं अक्षता टाकणार, आणि आपल्याकडे मागच्या रांगेतून त्या फेकतात, टाकत नाहीत. तांदळाचा दाणा उघड्या डोळ्यावर बसणं हा त्या आठवड्यात खरा धोका आहे. होमाचा धूर, रात्रीची जागरणं, पाठवणीचं रडणं. वर वैशाखाचं ऊन, जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, आणि त्यावर उपाय म्हणून रात्रभर तोंडावर सोडलेला कूलरचा झोत, ज्यानं कोरडा डोळा सकाळी वाळवंट होतो. यातलं काहीच टाळता येणार नाही, आणि टाळायला लावून मला तिचं लग्न बेचव करायचं नाही. म्हणून ऑपरेशनच अलीकडे आणायचं.

असं करा. लेन्स आजपासून बंद, पूर्ण दोन आठवडे चष्मा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तपासणी. सगळं जुळलं तर त्याच महिन्याच्या मध्याच्या आत ऑपरेशन, शुक्रवारी. शनिवारी मी तपासेन, रविवार झोपेत जाईल आणि शुक्रवारखेरीज सोमवार-मंगळवारची दोनच दिवस रजा लागेल. ऑफिसात तेवढी मिळते, विचारून बघा. धुळवड ऑपरेशननंतर लवकरच येईल, यंदा रंग खेळायचा नाही हे घरातल्या पोरांना आत्ताच सांगून ठेवा. आखाजीला ती माहेरी झोक्यावर बसेल तेव्हा दोन महिने होऊन गेलेले असतील, नजर जवळजवळ स्थिरावलेली असेल, आणि लग्नात फक्त अश्रूंचे थेंब पर्समध्ये लागतील. अक्षता पडताना डोळे मिटून घ्यायला सांगा, तेवढंच.

तपासणीत नाही म्हटलं गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, आणि तारीख जवळ आली म्हणून ‘हो’ म्हणणाऱ्याच्या शोधात फिरू नका. लग्नापुरत्या नव्या, स्वच्छ रोजच्या लेन्स घालूनही मांडवात उभं राहता येतं. लग्नानंतर लवकर मूल हवं असेल तर हेही माहीत असू द्या की गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना नंबर हलतो, तेव्हा हे ऑपरेशन करत नाहीत. आणि आई विचारत असतील तर त्यांना सांगा, चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागतो तो या ऑपरेशननं कायमचा टळत नाही. बहिणीलाही तो एक दिवस लागेल.

ऑपरेशनच्या आधीचे कागद, म्हणजे जुना नंबर, कॉर्नियाचा नकाशा आणि जाडी, आयुष्यभर जपून ठेवायचे. साठीत मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना ते कागद लागतात, कारण तेव्हाच्या डॉक्टरला तिच्या कॉर्नियाचा मूळचा आकार दुसरीकडून कळणार नाही. मोबाइलात फोटो काढा आणि एक प्रत शाळेच्या दाखल्यांच्या फाइलीत ठेवा.

तपासणीला येताना गेल्या दोन-तीन वर्षांच्या चष्म्याच्या चिठ्ठ्या आणा, सध्याचा चष्मा आणा, आणि लेन्सची डबी घरीच ठेवून या.